दुसरा पापुद्रा : अ‍ॅल्युमिनियमच्या प्लाझ्माच्या एका वर्णपटाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एकाच वर्णपटाचे आहे. राज्याबाहेरच्या एका प्रयोगशाळेत अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर लेसरचा एक अतिलघु स्पंद सोडण्यात आला, त्या जागी क्षणभर तयार झालेल्या प्लाझ्मातून, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटून झालेल्या तप्त वायूतून, निघालेले क्ष-किरण एका स्फटिकावरून परावर्तित करून सीसीडी कॅमेऱ्यात नोंदवले गेले, आणि ती नोंद फाइलच्या रूपाने गोव्यात, माझ्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रबंध लिहिणाऱ्या पेडण्याच्या एका विद्यार्थिनीकडे आली. आमच्या विभागात असा लेसर नाही. आमचे काम विश्लेषणाचे, म्हणजे आलेल्या नोंदीवरून प्लाझ्मा किती तापला होता, किती दाट होता आणि लेसरची ऊर्जा त्यात कोणत्या वाटेने शिरली, हे ठरवण्याचे. जून महिन्यात तिने प्रबंधाचा पहिला मसुदा माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्यात एक ठळक निष्कर्ष होता, आणि जुलै संपायच्या आत तो आम्हाला पूर्णपणे मागे घ्यावा लागला. तो का मागे घ्यावा लागला आणि त्यातून काय हाती आले, एवढेच इथे मांडायचे आहे.

अशा प्लाझ्मात तापमापक घालता येत नाही. तो काही लाख अंशांवर पोचलेला असतो, केसाच्या जाडीएवढ्या जागेत मावतो आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास विरूनही जातो. दृश्य प्रकाशाने त्याचे अंतरंग पाहावे म्हटले तर तेही जमत नाही, कारण इलेक्ट्रॉनांची घनता एका मर्यादेपलीकडे गेली की प्रकाश आत न शिरता परत फिरतो. १.०६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या लेसरसाठी ही मर्यादा दर घन सेंटिमीटरला सुमारे १० चा २१ वा घात इतके इलेक्ट्रॉन अशी आहे, आणि खुद्द लेसरही त्या थरापर्यंतच पोचतो. त्याच्या आतल्या बाजूला जे घडते त्याची खबर बाहेर आणतात ते क्ष-किरण. म्हणून प्लाझ्माने स्वतः उत्सर्जित केलेले क्ष-किरण ऊर्जेनुसार वेगळे करून वाचणे हीच या विद्येची मुख्य वाट ठरली आहे.

वाचायचे ते काय, हे अ‍ॅल्युमिनियमच्या उदाहरणाने सांगतो. या धातूच्या अणूत तेरा इलेक्ट्रॉन असतात. प्लाझ्मा पुरेसा तापला की अकरा इलेक्ट्रॉन निघून जातात आणि उरलेला आयन हीलियमसारखा दोन इलेक्ट्रॉनांचा राहतो. त्यातला एक इलेक्ट्रॉन दुसऱ्या कक्षेतून पहिल्या कक्षेत उतरला की १५९८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा किरण निघतो, त्याला हीलियम-अल्फा म्हणतात. तिसऱ्या कक्षेतून उतरला तर १८६९ ची हीलियम-बीटा रेषा मिळते. आणखी एक इलेक्ट्रॉन गेला तर आयन हायड्रोजनसारखा होतो आणि १७२८ च्या आसपास लायमन-अल्फा दिसते. हीलियम-अल्फाच्या किंचित खाली, १५७५ ते १५९० च्या पट्ट्यात, तीन इलेक्ट्रॉन शिल्लक असलेल्या आयनांच्या उपरेषांचा पुंजका असतो. या उपरेषांना ‘ए’पासून ‘व्ही’पर्यंतची अक्षरे १९७२ मध्ये अ‍ॅलन गेब्रिएल यांनी दिली, आणि सूर्याच्या प्रभामंडलापासून प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मापर्यंत ती आजही तशीच वापरली जातात. याशिवाय १४८७ वर एक रेषा असते ती के-अल्फा, आणि ती उष्ण प्लाझ्माची नव्हेच. थंड किंवा जेमतेम तापलेल्या अ‍ॅल्युमिनियममधला सर्वांत आतला इलेक्ट्रॉन कोणीतरी उडवला आणि रिकाम्या जागी वरचा इलेक्ट्रॉन उतरला, तरच ती निघते. म्हणजे एकाच पट्टीवर प्लाझ्माच्या वेगवेगळ्या थरांच्या सह्या शेजारीशेजारी उमटलेल्या असतात.

आता मसुद्याकडे वळू. लायमन-अल्फा आणि हीलियम-अल्फा यांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तिला ४०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या थोडे वरचे तापमान मिळाले होते, म्हणजे शेचाळीस लाख केल्व्हिनहून अधिक. उपरेषा आणि हीलियम-अल्फा यांच्या गुणोत्तरावरून मात्र आकडा ३०० च्या घरात येत होता. हा मतभेद तिने प्रामाणिकपणे नोंदवला होता, पण त्याचा खुलासा तिने के-अल्फा रेषेत शोधला. कॅमेऱ्यापुढच्या फिल्टरमध्ये शोषल्या गेलेल्या किरणांची दुरुस्ती केल्यानंतर तिच्या हिशेबात के-अल्फाची तीव्रता हीलियम-अल्फाच्या जवळजवळ एक पंचमांश येत होती. थंड पत्र्यातून इतकी के-अल्फा यायची तर आतले इलेक्ट्रॉन उडवणारे काहीतरी जोरकस हवे, आणि ते म्हणजे लेसरच्या क्षेत्रात वेग घेऊन प्लाझ्मा भेदून खालच्या थंड धातूत शिरणारे अतिवेगवान इलेक्ट्रॉन, असे तिने मांडले. लेसरच्या ऊर्जेचा मोठा वाटा या इलेक्ट्रॉनांनी वाहून नेला, हा प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष होता. मांडणी सुसंगत होती, भाषा नेटकी होती, आणि मलाही ती पहिल्या वाचनात पटली, हे इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मनात रुतून राहिले ते एवढेच की, त्या प्रयोगातली लेसरची तीव्रता बेताची होती. इतक्या तीव्रतेला अतिवेगवान इलेक्ट्रॉन तयार होतात, पण थोडे. ऊर्जेचा मोठा वाटा ते नेतील असे मानायला माझे मन तयार होईना.

त्या दिवशी दुपारी पावसाचा जोर इतका होता की खिडकीबाहेरचे पठार दिसेनासे झाले होते. लाईट गेली, संगणक बंद पडले, आणि टेबलावर उरला तो तिने सकाळी छापून आणलेला एक लांब कागद. त्यावर वर्णपट सलग, काटछाट न केलेला आणि उभ्या अक्षावर लॉगरिथमिक मापात होता. विश्लेषणासाठी ती एरवी प्रत्येक रेषेभोवतीचा लहानसा तुकडा कापून घेत असे, त्या तुकड्यातली पार्श्वभूमी वजा करत असे आणि उरलेल्या शिखराचे क्षेत्रफळ मोजत असे. ही रीत चुकीची नाही, सगळेच ती वापरतात. पण तिच्यामुळे रेषांच्या मधला भाग, म्हणजे मुक्त इलेक्ट्रॉनांचा वेग मंदावण्यातून आणि ते आयनांना पुन्हा जोडले जाण्यातून येणारा अखंड वर्णपट, कोणी पाहतच नाही. त्या कागदावर तो पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आला. १५६० च्या जागी तो अखंड भाग चिरेखाणीतल्या कापासारखा सरळ खाली कोसळला होता, आणि खालून पुन्हा हळूहळू वर चढत गेला होता.

उजवीकडे, १८३९ च्या जवळ, आणखी एक बारीकशी पायरी होती. ती तिला ठाऊक होती, कारण कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख होता. तिथे सिलिकॉनची के-कडा, म्हणजे त्याचे शोषण एकदम वाढण्याची जागा, येते आणि सीसीडीची संवेदनक्षमता किंचित बदलते. मी विचारले, “ही पायरी सिलिकॉनची, तर मग ती मोठी कोणाची?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, १५६० म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचीच कडा. ती फिल्टरची असणार.” हे उत्तर बरोबर होते. कॅमेऱ्यात लेसरचा विखुरलेला प्रकाश शिरू नये म्हणून त्याच्या पुढे २ मायक्रोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा ताणून बसवलेला असतो, आणि त्याची नोंद आमच्याकडे आलेल्या माहितीत होती. ती पुढे म्हणाली, “पण एवढी खोल?” आणि तिने फूटपट्टी उचलली. लॉगरिथमिक अक्षाचा फायदा असा की पटीतला फरक सरळ लांबीत मोजता येतो. पायरीचा वरचा आणि खालचा काठ यांतले अंतर मोजून तिने आकडा सांगितला, तीसपट. मी पुन्हा मोजले, तेवढाच आला.

हा आकडा इतका बोलका का आहे ते समजून घ्यायला हवे. कोणत्याही मूलद्रव्याच्या के-कडेच्या खाली त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनांना हात लावण्याइतकी ऊर्जा किरणात नसते, आणि कडा ओलांडताच ती येते, म्हणून शोषण एकदम वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत दर ग्रॅम वस्तुमानामागचा शोषण गुणांक कडेच्या खाली सुमारे ३६० चौरस सेंटिमीटर असतो आणि वर सुमारे ३९५० होतो. २ मायक्रोमीटर पापुद्र्यातून कडेच्या खालचे ८२ टक्के किरण पार होतात, वरचे जेमतेम १२ टक्के. म्हणजे एका पापुद्र्याची पायरी सातपटीची असायला हवी. दोन पापुद्रे एकावर एक असतील तर पायऱ्यांचा गुणाकार होतो, आणि ती अठ्ठेचाळीसपटीच्या आसपास जाते. आमच्या कागदावर होती तीसपट. एका पापुद्र्याने ती कधीच पडली नसती.

मग तीसच का, अठ्ठेचाळीस का नाही? हा प्रश्न तिनेच उभा केला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले. वर्णपटमापकातला स्फटिक थॅलियम अ‍ॅसिड थॅलेटचा होता. त्याच्या थरांच्या अंतराची दुप्पट २५.७६ अँगस्ट्रॉम भरते, त्यामुळे ब्रॅगच्या नियमानुसार हीलियम-अल्फा साडेसतरा अंशांच्या कोनावर परावर्तित होते. पण त्याच कोनावर निम्म्या तरंगलांबीचे, म्हणजे दुप्पट ऊर्जेचे किरणही दुसऱ्या क्रमाने परावर्तित होतात. १५६० च्या जागी ते ३१२० इलेक्ट्रॉन व्होल्टचे. प्लाझ्मातून ते कमीच निघतात, स्फटिक ते कमीच परत पाठवतो, पण दोन्ही पापुद्र्यांतून ते जवळजवळ निम्मे पार होतात, आणि पहिल्या क्रमाचे किरण मात्र दोन टक्केही पोचत नाहीत. त्यामुळे पायरीच्या तळाशी दुसऱ्या क्रमाचे थोडे पाणी साचते आणि पायरी आहे त्याहून उथळ दिसते. म्हणून पायरीवरून मिळणारी जाडी ही किमान जाडी मानावी लागते. तीसपटीवरून पावणेदोन पापुद्रे येतात. पापुद्रा अपूर्णांकात बसवता येत नसल्यामुळे ते दोनच असणार.

पायरीची इतर कारणे तपासल्याशिवाय आम्ही पुढे गेलो नाही. स्फटिकात थॅलियम असते, पण त्याच्या एम-कडा २३८९ पासून पुढे सुरू होतात. पत्र्यातले थंड अ‍ॅल्युमिनियमही अशीच पायरी पाडू शकते, परंतु वर्णपटमापक पत्र्याकडे लेसरच्याच बाजूने पाहत होता आणि प्लाझ्मा व कॅमेरा यांच्यामध्ये थंड धातू येत नव्हता. प्लाझ्मातले अ‍ॅल्युमिनियम स्वतः शोषण करते म्हणावे, तर त्याचे इलेक्ट्रॉन जसजसे निघून जातात तसतशी कडा वरच्या ऊर्जेकडे सरकते, ती १५६० वर इतकी स्वच्छ उभी राहत नाही. शेवटी प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या तंत्रज्ञांनी आपली वही काढून पाहिली आणि सांगितले की, त्या आठवड्यात पापुद्र्यात सुईच्या टोकाएवढे भोक सापडले होते, त्यातून लेसरचा प्रकाश आत येत होता, म्हणून त्यावर दुसरा पापुद्रा चढवला. हा रिवाज सर्वत्र आहे, कारण दोन पापुद्र्यांची भोके सहसा एका रेषेत येत नाहीत. तो बदल त्यांच्या वहीत होता, आमच्या फाइलीबरोबर आलेल्या माहितीत नव्हता. मला याचा राग आला नाही, पण वाईट वाटले, कारण एका ओळीच्या नोंदीअभावी एका मुलीचे चार महिन्यांचे काम चुकीच्या दिशेने गेले होते.

दुसरा पापुद्रा हिशेबात घेतल्यावर काय काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. १४८७ ची के-अल्फा कडेच्या खाली असल्यामुळे दोन पापुद्र्यांतूनही ६४ टक्के पार होते. हीलियम-अल्फा कडेच्या नेमकी वर, सर्वांत जास्त शोषणाच्या जागी बसलेली असल्यामुळे जेमतेम पावणेदोन टक्के पार होते. म्हणजे कॅमेऱ्यात ही दोन शिखरे एका उंचीची दिसली तरी प्रत्यक्षात हीलियम-अल्फा छत्तीसपट प्रबळ असते. तिने सहापटीची दुरुस्ती केली होती, छत्तीसपटीची करायला हवी होती. के-अल्फा हीलियम-अल्फाच्या एक पंचमांश नव्हती, तीन-साडेतीन टक्के होती.

आणि इतक्या के-अल्फासाठी अतिवेगवान इलेक्ट्रॉनांची गरजच उरत नाही. हीलियम-अल्फाची ऊर्जा १५९८, थंड अ‍ॅल्युमिनियमचा आतला इलेक्ट्रॉन उडवायला लागते १५६०. प्लाझ्मातून खालच्या बाजूला निघालेले हीलियम-अल्फाचे किरण पत्र्याच्या पहिल्या मायक्रोमीटर-दोन मायक्रोमीटरमध्येच शोषले जातात आणि तिथे रिकाम्या जागा करून ठेवतात. अशा दर पंचवीस रिकाम्या जागांपैकी साधारण एक के-अल्फा किरण देऊन भरते, बाकीच्या किरणाऐवजी ऑजर नावाचा इलेक्ट्रॉन बाहेर टाकून भरतात. त्यात हीलियम-बीटा, लायमन-अल्फा आणि अखंड वर्णपटातले वरचे किरण यांची भर घातली, तर दिसलेली सगळी के-अल्फा निव्वळ प्रतिदीप्तीतून मिळू शकते. प्लाझ्माने स्वतःच्या उजेडात खालचा थंड धातू उजळवला होता, एवढेच. मुख्य निष्कर्ष असा गेला.

तापमानाला मात्र धक्का बसला नाही, आणि हे मला या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. लायमन-अल्फा आणि हीलियम-अल्फा दोन्ही कडेच्या वर असल्यामुळे दुसऱ्या पापुद्र्याने त्यांच्या गुणोत्तरात फक्त १.३८ पटीचा फरक पडतो. हे गुणोत्तर तापमानाबरोबर इतके झपाट्याने चढते की, त्या फरकाने तापमान जेमतेम काही टक्क्यांनी उतरले. उपरेषा आणि हीलियम-अल्फा तर इतक्या लगतच्या आहेत की तिथे पापुद्र्याचा परिणाम आणखी कमी. म्हणजे ज्या दोन आकड्यांच्या भांडणामुळे ती अस्वस्थ होती ते दोन्ही जवळपास जिथल्या तिथे राहिले आणि भांडणही राहिले. फिल्टरने ते लावलेले नव्हतेच.

त्याचे मूळ प्लाझ्मातच होते. हीलियम-अल्फा ही फार प्रबळ रेषा आहे. दाट प्लाझ्मात तिचा किरण बाहेर पडण्याआधी शेजारच्या आयनांकडून पुन:पुन्हा शोषला जातो, आणि त्यामुळे ती असायला हवी त्याहून क्षीण दिसते. गुणोत्तराच्या छेदात क्षीण हीलियम-अल्फा आली की लायमन-अल्फाचे गुणोत्तर फुगते आणि तापमान जास्त वाटते. उपरेषांचेही गुणोत्तर फुगते, पण उपरेषा थंडाव्याबरोबर वाढत असल्यामुळे तिथे तापमान कमी वाटते. एकच दोष दोन आकड्यांना दोन उलट दिशांना ढकलतो. शिवाय कॅमेरा संपूर्ण स्पंदाची बेरीज नोंदवतो. त्यात लायमन-अल्फा मुख्यतः सर्वांत तप्त क्षणाची आणि बाहेरच्या विरळ थराची साक्ष देते, तर उपरेषा आतल्या थंड, दाट थराची आणि नंतरच्या क्षणांचीही. म्हणून मी तिला क्षीण रेषांकडे वळायला सांगितले. हीलियम-बीटाचे स्वशोषण हीलियम-अल्फाच्या मानाने बरेच कमी असते, आणि २०४८ ची लायमन-बीटाही तशीच. या जोडीवरून आलेले तापमान आधीच्या दोन आकड्यांच्या मधे बसले. प्रबंधात आता एक आकडा नाही, तिन्ही आहेत, आणि कोणता आकडा कोणत्या थराबद्दल बोलतो हे प्रत्येकाशेजारी लिहिले आहे.

घनतेबाबत फार लिहिण्यासारखे नाही. इंग्लिस आणि टेलर यांनी १९३९ मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे, वाढत्या घनतेबरोबर वरच्या कक्षांच्या रेषा एकमेकींत मिसळून नाहीशा होतात. आमच्या वर्णपटात हीलियमसदृश मालिका आठव्या कक्षेपर्यंत ओळखता येत होती, त्यावरून घनता लेसरच्या मर्यादा-घनतेच्या दुपटीच्या आसपास निघते, आणि अशा थरासाठी ती वाजवी आहे.

याच धातूच्या वर्णपटावरून मोठमोठ्या प्रयोगशाळांतही मतभेद झालेले आहेत, हे मी तिला त्याच आठवड्यात वाचायला दिले. दाट प्लाझ्मात शेजारच्या कणांमुळे आयनाची बंधनऊर्जा किती खाली येते, याचा अंदाज देणारी एकर आणि क्रोल यांची मांडणी १९६३ ची, आणि स्ट्यूअर्ट व पायट यांची १९६६ ची. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेसरवर घन अ‍ॅल्युमिनियम तापवून, कोणत्या ऊर्जेपासून के-अल्फाच्या रेषा दिसू लागतात हे पाहिले गेले, तेव्हा कौल एकर-क्रोल यांच्याकडे झुकला. २०१३ मध्ये ब्रिटनच्या ओरायन लेसरवर अ‍ॅल्युमिनियमच्या दाबलेल्या थरात तिसऱ्या कक्षेच्या रेषा कोणत्या घनतेला पुसल्या जातात हे पाहिले गेले, तेव्हा तो स्ट्यूअर्ट-पायट यांच्याकडे झुकला. दोन्ही गट नामांकित, दोन्ही मोजमापे काटेकोर. तिला मी हे धीर देण्यासाठी दिले नव्हते. प्रत्येक रेषा कोणत्या अवस्थेतल्या पदार्थातून आली हे आधी ठरवल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, हे तिने मोठ्या पटावर पाहावे असे मला वाटत होते.

तिने दुसरा मसुदा गणेशचतुर्थीच्या सुट्टीआधी दिला. अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचे प्रकरण त्यात नाही. त्या जागी वर्णपटातल्या पायरीवरून फिल्टरची जाडी काढण्याची रीत आहे, तो लांब कागद जसाच्या तसा छापलेला आहे, आणि फूटपट्टीने मोजलेल्या दोन्ही काठांवर पेन्सिलीच्या खुणाही आहेत. पुढच्या खेपेच्या प्रयोगासाठी आम्ही प्रयोगशाळेकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. प्रत्येक स्पंदाच्या दिवशीची फिल्टरची नोंद फाइलीबरोबरच यावी, आणि शक्य झाल्यास पापुद्रा बेरिलियमचा असावा, कारण त्याची के-कडा ११२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, आमच्या पट्ट्याच्या कितीतरी खाली राहते. दुसऱ्या मागणीवर तिची एक हरकत आहे आणि ती मला मान्य करावी लागली. बेरिलियम लावला तर १५६० ची पायरी जाईल, आणि फिल्टरची जाडी वर्णपटातूनच तपासण्याची सोयही तिच्याबरोबर जाईल. म्हणून विनंतीत आम्ही काही स्पंद बेरिलियमचे आणि निदान एक अ‍ॅल्युमिनियमचा, असे लिहून पाठवले आहे.